खंडोबाचा टाक उजळला

बाळांनो, मागच्या चंपाषष्ठीच्या आठ दिवस आधी आपल्या देवघरातला खंडोबाचा टाक तडकला. टाक म्हणजे दोन बोटं रुंदीचा चांदीचा पत्रा, त्यावर देव ठोकून उठवलेला. आपला टाक रोजच्या पुसण्यानं इतका झिजला होता की देवाला नाकडोळे उरले नव्हते. घोडा तेवढा ओळखू यायचा. भंगलेला देव पूजेत ठेवत नाहीत. गोदावरीत, आपल्या गंगेत, सोडायचा, की उजळून घ्यायचा, म्हणजे तीच चांदी आटवून नवा करायचा? विचारायला मी पुणतांब्याहून वन्संना, तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीला, बोलावून घेतलं.

"आटवायचा न्हाई," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "माझ्या आईनं जलमभर पुसलाय त्यो. तिचा अंगठा हाय त्याच्यात. गंगेत सोडू."

"गंगेत सोडला तर अंगठाही गेलाच की, वन्सं."

त्यांनी टाक उचलून त्यावर अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "लई शिकलीस. तुझ्याशी बोलायची सोय न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच तांदळावर सुपारी मांडली. हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून म्हणाल्या, "देवा, काम होईस्तोवर हितं बसा." घराला रंग देताना पाहुण्याला शेजारच्या खोलीत बसवावं, तसं.

देव सगळीकडे आहे, असं मी तुम्हाला फोनवर कितीदा सांगितलं आहे. वाक्य सोपं आहे, मला इंग्रजीतही येतं. पण सगळीकडे असलेला तो, एका म्हातारीनं विनवलं म्हणून सुपारीएवढ्या जागेत येऊन बसतो, हे समोर पाहताना माझ्या अंगावर काटा आला.

सोनाराकडे निघताना टाक पर्सच्या कुठल्या कप्प्यात ठेवावा, मला ठरवता येईना. चाव्यांजवळ नको, औषधांजवळ नको.

"अगं, आता त्यो नुसता पत्रा हाय. ठेव कुठंबी," वन्सं म्हणाल्या. आणि स्वतःच पदराच्या गाठीत बांधून घेतला.

सोनारानं टाक आधी कपाळाला लावला, मग मुशीत ठेवला. थोडी नवी चांदी घातली. ज्योत लागली तशी वन्संनी माझं मनगट धरलं. कडा वळली. घोडा गेला. मग मातीच्या त्या वाटीत उरला एक थरथरता, लखलखता थेंब. त्याला तोंड नाही, पाठ नाही, नाव नाही. 'निर्गुण' हा शब्द मी पुस्तकात अनेकदा वाचला होता आणि कोरडा म्हणून पुढे गेले होते. त्या थेंबाकडे बघवत नव्हतं आणि नजर काढवत नव्हती.

"आई गेली का वो त्यातनं?" वन्संनी हळूच विचारलं.

"जाईल कुठं, आत्या?" सोनार मान वर न करता म्हणाला. "मुशीबाहेर काही सांडलं का?"

त्यानं चांदी ओतली, ठोकून पत्रा केला, ठशावर बसवला. पुन्हा घोडा आला, म्हाळसा आली, देवाला डोळे आले.

चंपाषष्ठीला देवाला सुपारीतून परत बोलावलं, भंडारा उधळला. स्नान घालून वन्संनी नवा टाक पुसायला घेतला आणि एकदम हसल्या. "नाक बोचतंय गं देवाचं!" मग तो माझ्या हातात दिला. "घे. आता तुझ्यापास्नं."

मी बोट हलकेच फिरवलं.

"जरा दाबून," वन्सं म्हणाल्या. "आसं केल्यावर कवा झिजायचा त्यो?"