शर्ट खाली ओढल्याचा फाउल

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि कमरेला दोन झेंड्या लावून पळणारीही बहुधा पहिलीच. फ्लॅग फुटबॉलमध्ये कोणी कोणाला पाडत नाही. चेंडू घेऊन पळणारीच्या कमरेची झेंडी ओढली, की डाव थांबतो. तिनं मात्र हातानं झेंडी झाकायची नाही. हा नियम मला पाठ होता.

कॉलेजांच्या स्पर्धेत बरोबरी चालू होती, दोनच डाव उरले होते. चेंडू माझ्याकडे आला आणि मी सुटले. तेवढ्यात पहिल्यांदाच सामना पाहायला आलेली आई ओरडली, "शर्ट वर चालला वं! खाली ओढ!"

लहानपणापासूनची सवय. मी ओढला. झेंडी झाकली गेली, मागच्या मुलीच्या हाती काही लागलं नाही, मी रेषा ओलांडली आणि शिटी वाजली. गुण रद्द.

आई थेट पंचबाईंकडे गेली. "काहून वं बाई, पोरीनं अंग झाकलं तर तुमच्यात गुन्हा होते का?"

"अंग नाही काकू, झेंडी झाकली."

"मग तिथं झेंडी लावली कोणं?"

पंचबाईंना हसू आवरेना. मला मात्र रडू येत होतं.

शेवटच्या डावात पुन्हा चेंडू मिळाला. शर्ट पोटावर आला तरी मी दोन्ही हात चेंडूवरच ठेवले. रेषेच्या दोन पावलं आधी माझी झेंडी गेली. सामना बरोबरीत सुटला.

"उद्या शर्टाले सेफ्टी पिन लावून देतो," आई म्हणाली.

पिनही नियमात बसत नाही, हे तिला सांगायची हिंमत मला झाली नाही.