वरडायचा बंद झालेला ब्रेक

मोटरसायकल, कॉलेजातलं पोरगं आन् बारामतीचा रस्ता एवढं वाचलं की तुमी आधी मागच्या सीटकडं बघणार, मला म्हाईत हाय. ओढणी दिसती का म्हणून. न्हाय दिसणार. मागं माझा मैतर बसला होता, त्याच्या कपड्यांना पेट्रोलचा वास होता आन् नाक सुजलं होतं. मंग तुमी म्हणणार, नाक सुजलंय म्हंजी मारामारी. ती पण न्हाय. ह्यात फुडचा ब्रेक हाय. तो लागत नव्हता, आन् का लागत न्हाय ते मला दुपारच्या आत हुडकायचं होतं. बसा आता.

नव्वदीतलं सांगतोय. मी ऱ्हायला कळसला चुलत्यांकडं, कॉलेजला बारामतीत. चुलत्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, आमीपण. मला नकला करायचा नाद. कंडक्टर, हेडमास्तर, गाभण म्हैस, काय म्हणाल ते. पण कॉलेजच्या गॅदरिंगला माझं नाव एकदा पण लागलं न्हाय, कारण पहिल्याच वर्षी मी निवड करणाऱ्या सरांना त्यांचीच नक्कल करून दाखवली. शेवटच्या वर्षी ते सर बदलून गेले. नवीन सर म्हणले, "चार वाजता स्टेजमागं हजर पायजेस. न्हाय दिसलास तर तुझ्या जागी बासरी." आमच्या कॉलेजात बासरी वाजवणारं पोरगं मी ऐकलं होतं. लोकांवर ती पाळी येऊ द्यायची न्हाय, असं मी मनाशी ठरवलं.

आन् नेमकी त्या दिवशी यष्टी आली न्हाय. फाट्यावर उभा राहून राहून पाय दुखले. घरी आलो तर अंगणात तात्यांची गाडी उभी, लाल, शंभर सीसीची. तात्या बाजंवर आरसा टेकवून दाढी करत होते.

"तात्या, गाडी न्यू का बारामतीला?"

"फुडचा ब्रेक लागंना."

"मागचा लागतोय की."

"मागच्या ब्रेकावर म्या चालवतो. तू न्हाय. तुजं ध्यान रस्त्यावर कमी आन् लोकांच्या तोंडाकडं जास्त."

हे खरंच होतं.

"दुरुस्त केला तर?"

"कर. माझ्यासमोर लावून दाखव, मंग ने."

मी मैतराला हाक मारली. तो म्हणला, इंदापूरचा मेस्त्री मेव्हण्याच्या लग्नाला गेलाय, दुकानाला कुलूप. "मंग करणार कोण?" तो म्हणला. मी म्हणलो, "मेस्त्री."

मेस्त्रीची नक्कल मला पाठ होती. दर बारीला तात्यांसंगं जाऊन त्याच्या दुकानात बसून बसून ती आली होती. मी विजार वर ओढली, चाकाफुडं उकिडवा बसलो, गालात नसलेली तंबाखू धरली आन् नाकातनं बोललो, "गाडी काय म्हंती मालक?" मैतर हसायला लागला. पण एक गंमत झाली. मेस्त्रीसारखं बसल्यावर मेस्त्री फुडं काय करतो ते आपोआप हाताला सुचायला लागलं. एरवी विचारलं असतं तर मला एक नट सांगता आला नसता.

मेस्त्री आधी गाडी डबल स्टँडवर घ्यायचा आन् गिऱ्हाइकाला मागं कॅरेजवर बसवायचा. म्हंजी फुडचं चाक अधांतरी होतं. मी मैतराला बसवला. चाक हातानं गरकन फिरवलं आन् ब्रेकचा लिव्हर दाबला. लिव्हर पार मुठीला टेकला, चाक फिरतंयच.

"केबल ढिली हाय मालक," मी नाकातनं म्हणलो. खाली ड्रमजवळ केबलचा नट असतो, तो पान्यानं आवळला. आता लिव्हर निम्म्यातच घट्ट झाला. मला वाटलं जिंकलो. चाक फिरवलं, लिव्हर दाबला. चाकानं जरा विचार केला आन् परत फिरायला लागलं.

मेस्त्री असता तर आता म्हणला असता, केबल आत अडकली असंल. मी मैतराला खाली उतरवलं, लिव्हर दाबायला लावला आन् ड्रमवरच्या दांडीला डोळा लावला. केबल ती दांडी ओढती, दांडी फिरली की आतले ब्रेकशू पसरतात आन् ड्रमला घासून चाक थांबवतात, एवढीच भानगड असती. दांडी मस्त मागंफुडं होत होती. म्हंजी केबल चांगली, लिव्हर चांगला. जे काय हाय ते ड्रमच्या आत. खोटं न्हाय सांगत, आपल्याला कळतंय ह्याचीच मजा वाटायला लागली.

"आधी गाडी ब्रेक मारला की वरडायची, आठवतंय का?" मी मैतराला म्हणलो आन् तो आवाज काढून दाखवला. क्यँऽऽऽक. हुबेहूब. गोठ्यातलं कुत्रं उठून उभं राहिलं. आतनं काकूनं चूल फुंकायची थांबवली.

"आलं वाटतं हे," काकू म्हणली. "च्या ठेवू का?"

"तात्या हितंच हायती काकू. मी आवाज काढला."

"तरीच म्हणलं. ती गाडी वरडायची बंद झालीया की कवाच. पंक्चर झालती तवापासनं. आदी आवाज आला की म्या भाकरी टाकायची. आता हे दारात उभं ऱ्हातंय तरी कळत न्हाय."

मी आन् मैतरानं एकमेकांकडं बघितलं. आवाज बंद झाला पंक्चरच्या टायमाला. आन् ब्रेक? मी पळतच बाजंकडं गेलो.

"तात्या, ब्रेक कवापासनं लागंना?"

"झालं की लई दिस. पंक्चर काडली, तवापासनं."

"आन् वरडायची बंद कशी झाली?"

तात्यांनी वस्तरा खाली ठेवला. एका गालावर साबण तसाच. "म्या केली," ते म्हणले, लय मानानं. "चाक काडलंच व्हतं, तर आत बगितलं. कोरडं ठक. बैलगाडीच्या वंगणाचा डबा व्हता घरात. दोन बोटं घेतली आन् जितनं आवाज येत व्हता तितं चोपडलं. त्या दिसापासनं हूं न्हाय का चूं न्हाय."

तात्या जवानीत माळेगावच्या कारखान्यावर बैलगाडीनं ऊस न्यायचे. गाड्यांच्या रांगंत ज्याचा आख करकरला त्याची खैर नसायची. बाकीचे गाडीवान म्हणायचे, बैलांच्या आधी मालकालाच वंगण पाजा. वरडणारी गाडी म्हंजी मालकाची इज्जत रस्त्यावर सांडती, हे तात्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळं मोटरसायकल डेअरीफुडं क्यँऽऽक करून थांबली आन् माणसं वळून बघायला लागली, तर तात्या काय करणार होते.

आता त्यांना सांगायचं कसं? मी तात्यांसमोर उकिडवा बसलो, गालात तंबाखू धरली आन् नाकातनं बोललो, "मालक, आखाला वंगण लावलं की चाक पळतं."

"व्हय."

"ब्रेकला लावलं तरी पळतंच की. घासायचं ते घसरतंय."

तात्यांनी आपल्या दोन बोटांकडं बघितलं. गालावरचा साबण वाळायला लागला. मंग ते एकदम नरमाईनं म्हणले, "मंग आता काय करायचं, मेस्त्री?"

मैतर खोकल्यासारखं करून गोठ्यामागं पळाला. तात्यांच्या ध्यानात आलं आन् त्यांनी चप्पल हुडकायला पाय खाली सोडला. तवर मी गाडीपाशी पोचलो होतो.

चाक उतरवलं, ड्रम उघडला. आतनं काळाकुट्ट चिखल. दोन बोटं म्हणले होते तात्या, पण बोटं तात्यांची. आमी ड्रम पेट्रोलनं धुतला, काकूच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी पुसला, परत धुतला. मैतरानं पेट्रोलची बाटली निम्मी स्वतःवर सांडली. ब्रेकशूवरचं वंगण पुसून वरनं काचपेपर घासला, खाली बरी जागा लागंस्तवर. इंदापूरच्या मेस्त्रीनं पुढं शू बदललेच, पण त्या दिवसापुरतं काम झालं. चाक बसवलं, नट आवळला, मैतराला कॅरेजवर चढवून चाक फिरवलं. लिव्हर दाबला.

चाक जागच्या जागी उभं.

मी परत फिरवलं. परत उभं. मी नाचलो, मैतर नाचला, कुत्रं उगंच भुकलं. तात्या धोतर सावरत आले. "आसं न्हाय. चालवून दाव."

मैतराला मागं घेऊन मी शाळेपत्तुर जाऊन वळलो आन् जोरात परत आलो. तात्यांच्या फुडं आल्यावर लिव्हर दाबला. गाडीनं फुडनं अशी बैठक मारली की मैतराचं नाक माझ्या पाठीवर आदळलं. तात्या चाकाकडं बघत राहिले. "लागतोय," ते म्हणले. "हळू जावा."

हळू कसला जातोय. ऊन तिरपं झालं होतं, बारामतीच्या अलीकडं जळोचीच्या पहिल्या घरांपाशी म्हशींचा कळप आडवा आला, आन् मी लिव्हर दाबला की गाडी अशी शहाण्यासारखी थांबली की मला वाटलं उगंच अजून एक कळप यावा. स्टेजमागं पोचलो तर बासरीवाला ओठ पुसत तयार. सर माझ्या काळ्या हातांकडं बघून म्हणले, "जा, आधी स्टेजवर जा." मी मेस्त्री केला, काकू केली, गालावर साबण लावलेले तात्या केले. लोक बाकावर थापा मारायला लागले. मला तो आवाज अजून येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या दूध घेऊन डेअरीला गेले आन् गाडी ढकलत परत आले. कॅन रिकामा. धोतर गुडघ्यापत्तुर ओलं.

"हिकडं ये."

गेलो.

"ब्रेक दुरुस्त केला म्हणलास."

"तुमच्यासमोर लावून दाखवला की तात्या."

"लागतोय आसं दावलंस. इतका लागतोय आसं सांगितलंस का? इतकं दिस म्या मागचा ब्रेक दाबायचो आन् सवयीनं चारी बोटांनी मूठ बी आवळायचो, तवा गाडी कुठं जरा दमानं घ्यायची. आज बी आवळली. गाडी हुबी ऱ्हायली, म्या टाकीवर, आन् दूध डेअरीच्या चेरमनच्या धोतरावर. समदी रांग हसली."

माझ्या तोंडावर काय आलं असंल ते त्यांनी बघितलं.

"हासू नगंस. आन् तुज्या मागं बसलेल्या त्या कारट्यानं सांगितलं मला, काल बारामतीत माजी दाढी केलीस म्हणं लोकांफुडं. निम्म्या गालाची. आता दूध बुडलं त्येचं तू भर, चेरमनचं धोतर तू धू, आन् धुताना त्येची नक्कल केलीस तर याद राख, तंगडं मोडून हातात दीन."

"व्हय, तात्या."

"माझ्या आवाजात व्हय म्हणू नगंस."