काकांचे संशयित

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या उस्मानपुऱ्यात सापडणार नाही. वाळूजच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं तपासणी खात्यात होते. दोष कशामुळे आला हे कळेपर्यंत मालाचा एक नगही पुढे सोडत नसत म्हणे. निवृत्तीनंतर तपासायला गल्लीच उरली. दुष्काळाच्या त्या वर्षी नळ आठवड्यातून एकदा यायचा, तरी काका टँकरवाल्याला अडवून विचारत, "पाणी कुठल्या विहिरीचं? विहीर कुणाची?" तो एकदा वैतागला, "काका, पाणी घ्यायचंय का सोयरीक जमवायचीय?" रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसले, पण खिडकीआडून.

त्याच उन्हाळ्यात काकांच्या लहान आतड्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लवकर काढू. काका म्हणाले, "आधी कारण." झेरॉक्सच्या दुकानातून इंग्रजी शोधनिबंध छापून आणले आणि माझ्यापुढे ठेवले. "पोरी, तू इंग्लिश मीडियमची. सांग."

मी सांगत गेले. यकृत पित्त बनवतं, त्यातली आम्लं चरबी पचवायला आतड्यात येतात, तिथले जंतू त्यांचं रूप बदलतात. अशी काही आम्लं गाठ वाढवतात, असं एका निबंधात होतं. दुसऱ्यात काही आम्लं तिला आवर घालत होती. "म्हणजे जंतू आरोपी का साक्षीदार?" काका विचारत. मी मान हलवायचे, हो की नाही ते कळू न देता. काका वहीत जंतूंची लांबलचक नावं लिहून पुढे 'संशयित' असा शेरा मारत. तेल बंद झालं, मग दही बंद, मग दही पुन्हा सुरू. "जंतूंचं नंतर बघा, आज सैपाकाला काय करू ते सांगा!" काकू म्हणत. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली.

तिसऱ्यांदा ढकलायला काकांनी फोन उचलला. काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, मलाच समजलेलं नाही. पहिल्या दिवसापासून. आणि यातलं बरंचसं संशोधन उंदरांवर केलंय."

काकांनी फोन खाली ठेवला. "पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"अन् मी तुझ्या भरोशावर बसलोय व्हय!" ते इतके हसले की दुखरी बाजू दाबून धरावी लागली. मग काकूंना म्हणाले, "दवाखान्याची पिशवी भर."

गाठ वेळेत निघाली. काका निम्मे होऊन घरी आले. "कशानं झाली, डॉक्टरला इचारलं," ते म्हणाले, "तर म्हणला, नक्की नाय सांगता येत. लई बरा माणूस."

आता संध्याकाळी ते गच्चीवर बसतात, खाली टँकर आला तरी काही विचारत नाहीत. मी शेजारी बसते. त्यांनी काहीतरी विचारावं, असं फार वाटतं. माहीत नसलं तर तसं सांगेन.