तपासणी गावाला, सबजा सिस्टरला

दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बाईला किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. ड्रेसवरच्या आयोडिनच्या डागांसारखे ते आपोआप चिकटतात. माझ्याकडचे बहुतेक माझ्याच फजितीचे!

मी शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स. राज्याचा नियम आला: पाळी बंद झाल्यावर ज्या बाईच्या अंगावरून पुन्हा लाल जातं, तिची गर्भाशयाच्या कॅन्सरची तपासणी झालीच पाहिजे. काम माझ्याकडे आलं. गंमत म्हणजे पाळी कधीच गेलेली असताना त्याच महिन्यात माझ्याही अंगावरून जायला लागलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. उष्णता असेल म्हटलं आणि सबजा भिजत घातला.

*

पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात मी देवळाच्या भोंग्यावरून नावं पुकारली. "खालील महिलांनी पिशवीच्या तपासणीला यावं!"

गावभर ऐकू गेलं. बायका आल्याच नाहीत. त्यांचे दीर आले. भांडायला!

*

मग डोकं चालवलं. तपासणीचं नावच काढायचं नाही, हळदीकुंकवाला बोलवायचं! वाण म्हणून साबणाच्या वड्या आणल्या. हॉल भरला, पण सगळ्या तरण्याताठ्या, निम्म्या कडेवर लेकरू घेऊन. पाळी गेलेली एक नाही.

दाराबाहेर गयाबाई उभ्या होत्या. साठी उलटलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तीन महिने अंगावरून जात होतं.

"सिस्टर, मला आत येता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या कॅन्सरला बी सवाशीणच लागती का?"

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी साबणाची वडी त्यांच्या हातात ठेवली.

*

फॉर्मवर मी नवऱ्याची सही मागायचे. का? इतकी वर्षं मागत आले म्हणून! आमचे क्लार्क शेखभाई मीटिंगला गेले होते, तेव्हा त्यांच्या बायकोलाही, मुमताजभाभींनाही, मी सहीसाठी परत पाठवायला निघाले.

भाभी हलल्या नाहीत. "पेट मेरा, तकलीफ मेरी, सही उनकी कायकू?"

"नियम आहे!" मी ठसक्यात म्हटलं.

"दिखाओ."

नियमाचा कागद तीनदा वाचला. नवरा त्यात कुठेच नव्हता!

*

गयाबाईंना तपासणीसाठी लातूरला मीच घेऊन गेले. एसटीत तहान लागली म्हणून बाटली काढली. त्यांनी आतला सबजा पाहिला.

"किती दिस झालं पिताय?"

"ऊन लई आहे ना."

"मीबी ऊनच म्हणत हुते."

फॉर्मच्या खिडकीशी त्यांनी दोन बोटं दाखवली. "दोन द्या. एक सिस्टरचा." मी ड्यूटीवर आहे म्हटलं, पुढच्या वेळी बघू म्हटलं. त्या खिडकी सोडेनात, मागे लाइन ओरडायला लागली. शेवटी सही केली. स्वतःचीच!

दोघींचे रिपोर्ट एकाच पाकिटातून आमच्या दवाखान्यात आले. गयाबाईंचा मी वाचून दाखवला. साफ! त्यांनी पदराने डोळे पुसले.

माझा मला उघडवेना. उभा जन्म दुसऱ्यांना "त्यात घाबरायचं काय?" म्हणत आले आणि आता स्वतःच्याच कागदाची घडी धरून बसले होते. भीती वाटत होती आणि भीतीची लाजही.

गयाबाईंनी कागद ओढून घेतला, उलटा धरला, ओळींवरून सावकाश बोट फिरवलं.

"कायबी न्हाई. साफ हाय!"

मी कागद सुलटा करून वाचला. साफ नव्हता.

माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं. मग उठून खुंटीवरची माझी पर्स काढली.

"मला कुठं वाचता येतं! उठा, लातूरची गाडी धा वाजता हाय."