लिंबावरून मागे आलेली गाडी

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचा वास आला की माझं डोकं फिरतं. आम्ही म्हैसूरला आलो त्या वर्षी शेजारच्या गृहस्थांनी पूजा झाल्यावर रिवाजाप्रमाणे लिंबावरून आपली गाडी पुढे घ्यायची ती नेमकी मागे घेतली आणि माझ्या गाडीचं दार चेपलं. "अक्का, माझं लायसन्स संपलंय, विम्यात माझं नाव नको," म्हणत त्यांनी हात जोडले. शेजारधर्म म्हणून मी क्लेमच्या फॉर्मवर लिहिलं, गाडी मीच गेटच्या खांबाला घासली. महिन्याभराने गेटपाशी कुणाची तरी स्कूटर आडवी पडलेली सापडली, तेव्हा हेच गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्कांनीच धडकवली असणार, त्यांना खांबसुद्धा दिसत नाही, स्वतःच लिहून दिलंय." फॉर्मखाली सही माझीच होती. यंदाही ते हसत प्रसाद घेऊन आले आणि म्हणाले, "अक्का, गाडी जपून काढा हं."