शिऱ्यासाठी पुढे आलेला डावा हात

चार वर्षांच्या नातीने शिऱ्यासाठी डावा हात पुढे केला आणि मी त्यावर चापट मारली. माझ्या मूर्खपणांची यादी लांबलचक आहे, नवरा असेपर्यंत तो ती पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवायचा. पण ही चापट त्याच्या यादीत नव्हती, आणि तिच्यापुढे बाकीचं सगळं किरकोळ. तेव्हा मी काही अजाण नव्हते. त्रेसष्ट वर्षांची घोडी होते. आज अडुसष्टाव्या वर्षी त्या त्रेसष्टीतल्या बाईचं मला हसू येतं, आणि मधेच थांबतं.

नातीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. छाती उघडायची गरज नव्हती. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि भोकावर छत्रीसारखी उघडणारी चकती बसवायची. त्यासाठी लासलगावहून माझ्या विहीणबाई, सुनेची आई, आठ दिवस आधीच आल्या, बाजरीचं पीठ आणि कांद्याची गोणी घेऊन. नाशकात जणू कांदे मिळतच नाहीत! आल्या आणि पोरगी त्यांना चिकटली ती चिकटलीच. मी रोज तिला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडणारी, तिचं नाक पुसणारी. तर मी कोण? ‘घरातली आजी’. आणि सहा महिन्यांनी उगवणाऱ्या त्या कोण? ‘माझी आजी’.

विहीणबाई डावखुऱ्या. भाकरी थापायच्या डाव्या हाताने, पोरीची वेणी घालायच्या डाव्या हाताने, जेवायच्याही डाव्याच. आमच्याकडे प्रसाद, पैसे, पानसुपारी, सगळं उजव्या हाताने घ्यायचं हे मला आईने फुंकणीच्या धाकाने शिकवलेलं. आठ दिवसांत नात डाव्या हाताने वरणभात खाऊ लागली. मी टोकलं तर म्हणाली, “माझी आजी असंच खाते.” विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. ते हसू मी जपून ठेवलं.

आता डॉक्टरांच्या खोलीतली गोष्ट. तिथे खुर्च्या तीनच. मुलगा बसला, सून बसली आणि तिसऱ्या खुर्चीवर विहीणबाई, मांडीवर नात. मी दाराशी उभी. डॉक्टर समजावून सांगत होते, “क्वचितच होतं, पण सांगणं माझं काम आहे. नळी आत असताना किंवा नंतरच्या दिवसांत रक्ताची बारीक गुठळी होऊ शकते, एखादा हवेचा बुडबुडा जाऊ शकतो. तो मेंदूकडे गेला तर एका बाजूचा हात किंवा पाय ढिला पडतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं, कधी झटका येतो. यातलं काहीही दिसलं तर घरी वाट बघत बसू नका.” हे शब्द सुनेने मला पुढे इतक्यांदा ऐकवले की आता झोपेतही म्हणेन. त्या दिवशी मात्र माझ्या कानात ‘मेंदू’ एवढाच शब्द शिरला. हृदयाच्या दुखण्यात मेंदू कुठून आला, असं वाटून मी तोही सोडून दिला. मी त्या तिसऱ्या खुर्चीकडे बघत होते.

चकती छान बसली. तिसऱ्या दिवशी नात घरी आली. पाचव्या दिवशी विहीणबाईंना पुतण्याच्या साखरपुड्याला जावंच लागलं. त्यांची पिशवी मी स्वतः रिक्षात ठेवली. एवढ्या उत्साहाने मी कुणाचं सामान कधी उचललं नव्हतं.

मुलगा ऑफिसात, सून आतल्या खोलीत लॅपटॉपवर. नात माझी! तूप सढळ घालून मी शिरा केला, देवाला दाखवला आणि वाटी घेऊन सोफ्याजवळ गेले.

“हात पुढे कर, राणी.”

डावा आला.

“हा नाही. उजवा.”

तिने मांडीतल्या उजव्या हाताकडे पाहिलं. “तो झोपलाय.”

“मग उठव त्याला.”

“उठतच नाही.”

हे मला शिकवून पाठवलेलं नाटक वाटलं. डाव्या हातावर चापट बसली ती तेव्हा. “उजवा उठला की शिरा मिळेल,” असं म्हणून मी वाटी ओट्यावर नेऊन झाकली. दहा वाजले होते. पुढचा दीड तास मी भांडी आवरत मनातल्या मनात विहीणबाईंना सुनावत होते. काय एकेक वाक्यं सुचत होती!

साडेअकराला सून बाहेर आली. तिने लेकीच्या उजव्या हातात खेळणं दिलं, ते खाली पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा पडलं.

“आई, हिचा हात कधीपासून असा आहे?”

“आत्ता तर बरी होती,” मी म्हटलं.

गाडीत तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी नातीचे हात वर करून सोडले. डावा राहिला, उजवा पडला. मग ते आमच्याकडे वळले. “हात शेवटचा नीट चालताना कोणी पाहिला? नक्की वेळ सांगा. पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे.”

तिथे माझं खोटं संपलं. “नऊ वाजता दुधाचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला होता. दहाला हात उठत नव्हता. मला तिने सांगितलं होतं. मला वाटलं, नाटक करतेय. मी चापटही मारली.”

सुनेने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याबद्दल मी लिहिणार नाही.

मेंदूच्या फोटोत डाव्या बाजूला लहानसा डाग होता. बोलणं शाबूत होतं, चेहरा सरळ होता, हात मात्र गेलेला. औषधं सुरू झाली. दीड तासाने किती फरक पडला, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “ते कोणीच सांगू शकणार नाही.” दोषी म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

संध्याकाळी विहीणबाई साखरपुड्याच्या पैठणीतच धावत आल्या. लेकीकडून त्यांनी सगळं ऐकलं आणि मला चहा आणून दिला. एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्या चांगुलपणाचाही हेवा वाटला. इतकं चांगलं असायचं काय नडलं होतं?

मग व्यायाम. नातीच्या चांगल्या हाताला मोजा घालून बांधायचा आणि दुबळ्या हाताने ताटातला एकेक हरभरा उचलून डब्यात टाकायला लावायचं. माझ्याकडे चार हरभरे झाले की ती आडवी पडायची. विहीणबाई मुक्कामाला आल्या की डबा भरायचा. मी स्वयंपाकघरातून त्या हरभऱ्यांचा टणटण आवाज ऐकायचे, देवाचे आभार मानायचे आणि जळायचे. दोन्ही एकाच वेळी जमतं.

सात-आठ महिन्यांनी एका सकाळी नातीने फ्रॉकचं बटण एकटीने लावलं. उजव्या हाताच्या दोन बोटांनी, जीभ बाहेर काढून, कितीतरी वेळ खटपट करून. आम्ही दोघी म्हाताऱ्या समोर बसलेल्या. बटण लागलं आणि ती खेळायला पळाली. विहीणबाई डोळे पुसत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, “विहीणबाई, त्या दिवशी मला तिचा हात दिसलाच नाही. मला तुम्हीच दिसत होतात. तुमचा हेवा वाटायचा मला. अजूनही वाटतो.”

त्यांनी पदर खाली केला आणि इतक्या महिन्यांचं एकदाच बोलल्या:

“तुमचा राग माझ्यावर व्हता ना, विहीणबाई? मग मला फोन करायचा, लय शिव्या द्यायच्या, मी ऐकल्या असत्या. पोरीवर कशाला काढला?”