स्टेपनीची तिसरी चावी

बशीरचाचा काल गेले. आणि जाताजाता माझं दीड वर्षाचं खोटं पकडून गेले.

अहमदपूरला मोंढ्याजवळ त्यांचं वेल्डिंगचं दुकान, आमच्या घराला लागूनच. लहानपणी सायकलचं कॅरिअर तुटलं की तेच जोडून द्यायचे.

पुढं मी जनावरांची डॉक्टर झाले. किनवटकडं जंगलातल्या गावांत फिरायला जुनी फोर बाय फोर जीप घेतली. गल्लीतल्या सगळ्यांनी कौतुक केलं.

चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बेटा, चोरासाठी दुकान मांडलंस की."

मागं लटकलेली स्टेपनी, बाजूला डिझेलचा कॅन, टपावर दोन मोठे लाईट. सगळं बाहेर, सगळं दोन-चार नटांवर.

मी हसले. महिन्याभरात हसू जिरलं.

माहूरकडं एक म्हैस अडली होती. म्हैस सुटली, पारडू सुखरूप. बाहेर येऊन बघते तर स्टेपनी, कॅन, लाईट, सगळं गायब! मग बाजारातलं महागडं कुलूप लावलं. तेही गेलं, नव्या स्टेपनीसकट.

मग गुमान चाचांकडं.

"चोराला तास लागला पाहिजे, मालकाला मिनिट," चाचा म्हणाले. "चोर लई आळशी असतो बेटा. कष्टाळू असता तर चोर कशाला झाला असता?"

प्रत्येक गाडीला त्यांचा नट वेगळा. त्याचं तोंड कानशीनं हातानं घासलेलं, आणि फक्त त्याच आकाराची चावी. भोवती लोखंडी वाटी, म्हणजे ना पाना शिरतो ना छिन्नी बसते.

चावी घेण्याआधी परीक्षा द्यावी लागायची. डोळ्याला रुमाल बांधून तीनदा उघडून दाखवायचं.

एक बडे साहेब परीक्षेला गाडीच्या एसीतून उतरेनात. "ड्रायव्हर उघडेल," म्हणाले.

"मग गाडी पण ड्रायव्हरलाच द्या," म्हणत चाचांनी बसवलेलं सगळं काढून घेतलं.

चाचांचे नट बसल्यावर माझ्या गाडीचं काही चोरीला गेलं नाही. एकदा वाटीवर छिन्नीचे ओरखडे दिसले. मी फोटो पाठवला. चाचांनी तो आठ दिवस स्टेटसला ठेवला.

पण चोरापासून वाचवलं, माझ्यापासून कोण वाचवणार?

दोन चाव्या दिल्या होत्या. एक मी गोठ्यातल्या शेणात हरवली. फोनवर चाचा जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

दीड वर्षापूर्वी दिवाळीला घरी आले तेव्हा त्यांनी जीप अर्धा दिवस ठेवून घेतली. नटावरून नवी चावी घासली.

"तिसरी गाडीतच ठेवलीय. चोर हात घालत न्हाई तिथं."

"कुठं पण?"

"हुडक की."

मी सीटखाली बघितलं, जॅकच्या पेटीत बघितलं. सोडून दिलं. एक चावी होतीच ना.

तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज झाली की फोन. "बेटा, इंजिनचं ऑईल बघितलं का?"

"हाव चाचा."

"पट्टी काढून बघितलं?"

"हाव हो, बघितलं!"

मग ते हसायचे. मला वाटायचं, खुश आहेत.

काल सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. जनाजा दुपार कलल्यावर, असरच्या नमाजला उठणार होता. एकदा तोंड बघायचं होतं, बस्स. किनवटहून तशीच निघाले.

लोह्याच्या पुढं मागचं टायर फाटलं. आणि स्टेपनीची चावी किनवटला, दुसऱ्या बॅगेत.

मोटारसायकलवरचे दोघं थांबले. पाना लावून बघितला, हातोडा मारून बघितला. घामाघूम झाले.

"मॅडम, कुणी बसवलं हो हे? लई हरामी माणूस दिसतोय."

"त्यांच्याच मयतीला निघालेय," मी म्हणाले आणि रस्त्यावरच रडायला लागले. अभिमान वाटत होता आणि राग येत होता, दोन्ही एकदमच. ते बिचारे माझ्यासोबत गाडीभर चावी शोधायला लागले.

सीट काढल्या, पायपुसणी काढली. घड्याळ पळत होतं. चोर कुठं हात घालत नाही? मी कुठं हात घालत नाही?

ऑईल बघितलं का, बेटा?

बॉनेट उघडलं. ऑईल बघायच्या पट्टीच्या कडीला तारेनं बांधलेली, रबरी नळीच्या तुकड्यात गुंडाळलेली चावी. सर्व्हिसिंग करणारा मिस्त्री त्यांच्याच शेजारचा. दरवेळी परत बांधून ठेवत असणार. सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

म्हणजे दर शुक्रवारी मी खोटं बोलत होते, आणि दर शुक्रवारी त्यांना ते कळत होतं. बघितलं असतं तर चावी सापडली असती ना! एकदाही बोलले नाहीत. नुसते हसले.

पट्टी पुसून बघितली. ऑईल कमी होतं.

नट मिनिटात उघडला.

पोचले तेव्हा जनाजा अजून उठायचा होता. चाचांचं तोंड बघितलं. शांत होतं, कानशीनं घासून गुळगुळीत केल्यासारखं.

चाचीनं जवळ घेतलं. माझे हात ऑईलनं काळे झालेले. त्या हातांकडं बघत रडता रडता म्हणाली, "मिली क्या चावी?"

एवढं प्रेम करून, एवढं गप्प राहणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

चाचा, आज शुक्रवार आहे. फोन येणार नाही.

ऑईल बघितलं. पट्टी काढून बघितलं.

खुदा हाफिज.